तार कुठे संपते ते आधी शोधा: खानदेशात बिनतारी इंटरनेट घेताना

नवीन इंटरनेट घ्यायचं ठरलं की घरात पहिली चर्चा होते महिन्याच्या पैशांची आणि दुसरी वेगाची. जाहिरातीतही हेच दोन आकडे मोठ्या अक्षरांत असतात. पण रावेरच्या केळीच्या मळ्यातल्या घराला जे चालतं ते धुळ्याच्या देवपुरातल्या फ्लॅटला चालेलच असं नाही, आणि धडगावच्या पाड्यावर त्यातलं काहीच चालत नाही. म्हणून इथे सुरुवात जागेपासून केली आहे. घरात, दुकानात किंवा शेतात पहिल्यांदाच इंटरनेट घेणाऱ्यांनी वाचत वाचत एकेक काम उरकत जावं, अशा क्रमाने पुढचं सगळं मांडलं आहे.

आधी समजून घ्या: हवेतून येतो तो फक्त शेवटचा टप्पा

बिनतारी इंटरनेट अख्खंच्या अख्खं बिनतारी कधीच नसतं. जळगावात बसून तुम्ही एखादा व्हिडिओ पाहता तेव्हा त्याचा जवळजवळ सगळा प्रवास जमिनीखालच्या फायबरमधून, म्हणजे काचेच्या बारीक तारेतून होतो. कुठेतरी ती तार संपते आणि तिथून पुढे रेडिओ लहरी काम हाती घेतात. घरात वाय-फाय असेल तर तार राउटरपाशी (घरभर वाय-फाय पसरवणाऱ्या डब्यापाशी) संपते आणि हवेतला प्रवास दहा-पंधरा मीटरचा असतो. मोबाईल डेटा वापरत असाल तर ती गावाजवळच्या टॉवरपाशी संपते, म्हणजे हवेतला टप्पा काही किलोमीटरचा होतो. गच्चीवर डिश लावून गावातला नेटवाला जोडणी देतो तेव्हा तार त्याच्या मनोऱ्यावर संपलेली असते. उपग्रहाच्या जोडणीत तर शेकडो किंवा हजारो किलोमीटर हवेतून आणि अवकाशातून जावं लागतं.

हा टप्पा जितका छोटा, तितका त्रास कमी. पुढची सगळी निवड याच एका गोष्टीवर ठरते, म्हणून कुठल्याही विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा: तुमची तार माझ्यापासून किती अंतरावर संपते?

याच ठिकाणी नवख्यांचा एक घोळ मिटवून टाकू. वाय-फाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नळाला नवी तोटी बसवली म्हणून टाकीत पाणी येत नाही, तसं फोनवर वाय-फायची खूण पूर्ण दिसली म्हणून इंटरनेट असतंच असं नाही. ती खूण फक्त फोन आणि राउटर यांच्यातली जोडणी दाखवते. राउटरच्या मागची लाइन तुटलेली असेल तरी खूण तशीच भरलेली दिसते. तक्रार करताना ‘वाय-फाय चालत नाही’ असं सांगितलं आणि प्रत्यक्षात इंटरनेट बंद असलं, तर दुरुस्तीवाला चुकीच्या ठिकाणी शोधत बसतो.

पहिलं काम: सिग्नल मोजा

‘घरमा रेंज नही, गच्चीवर शे’ हे वाक्य आपल्याकडे गावोगाव ऐकू येतं. त्याला आकडा द्यायला शिका. फोनवरच्या दांड्या पुरेशा भरवशाच्या नसतात, कारण किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारी कंपनी ठरवते. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, मग अबाउट फोन, मग सिम स्टेटस इथे गेलात की सिग्नल स्ट्रेंग्थ डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं माप) दिसते. (काही फोनमध्ये हा रस्ता थोडा वेगळा असतो, सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘सिम स्टेटस’ टाकलं तरी सापडतं.) आयफोनवर डायलपॅडमध्ये *३००१#१२३४५#* टाकून कॉलचं बटण दाबलं की तपासणीचा पडदा उघडतो.

हा आकडा उणे असतो आणि तो शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. ४जीसाठी ढोबळ हिशेब असा धरा: उणे ९० किंवा त्याहून चांगला असेल तर निश्चिंत राहा. उणे ९० ते १०५ मध्ये काम भागतं. उणे १०५ ते ११५ मध्ये व्हिडिओ कॉल अडखळतो, आणि त्याच्याही खाली कॉलसुद्धा तुटतो. दहाचा फरक म्हणजे ताकदीत दहापट फरक, त्यामुळे उणे ९५ आणि उणे १०५ हे आकडे जवळचे वाटले तरी जवळचे नाहीत.

एक वही घ्या. ओटा, बैठकीची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, गच्ची आणि खळं अशा प्रत्येक ठिकाणी मिनिटभर थांबून आकडा लिहा. शेजाऱ्यांच्या, पाहुण्यांच्या फोनमध्ये वेगळ्या कंपन्यांची सिम असतात, तेही मोजा. मग रात्री आठ ते दहाच्या दरम्यान त्याच जागांवर वेग तपासा. ट्रायचं (दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचं) मायस्पीड अ‍ॅप यासाठी मोफत आहे. दुपारी तीनला मोजलेल्या वेगावर निर्णय घेऊ नका. एका टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते आणि गावातली सगळी घरं रात्री एकाच वेळी व्हिडिओ लावतात. दुपारी आणि रात्री सिग्नलचा आकडा तोच, पण रात्री वेग निम्म्याच्या खाली, असं आढळलं तर अडचण तुमच्या घरात नसून टॉवरवरच्या गर्दीत आहे. मग अँटेना, राउटर बदलण्यावर पैसे घालवू नका.

वेगाचा आकडा वाचतानाही सावध राहा. कंपन्या एमबीपीएस म्हणजे मेगाबिट सांगतात आणि फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये असतो. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरतात.

कंपन्यांचे कव्हरेज नकाशे पाहायलाही विसरू नका. ट्रायच्या आदेशानुसार २०२५ पासून प्रत्येक मोबाईल कंपनीला आपल्या संकेतस्थळावर २जी, ४जी, ५जीचे नकाशे ठेवावे लागतात. नकाशात रंग दिसला म्हणून घराच्या आत सिग्नल येईल असं समजू नये, पण जिथे रंगच नाही तिथे ती कंपनी बाद करायला तो पुरेसा आहे.

सिग्नल कशाने मरतो

लहरींची वारंवारता जितकी कमी तितक्या त्या दूर जातात आणि भिंतींतून जास्त शिरतात. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्या तापीच्या सपाट खोऱ्यात लांबवर पोचतात. २३०० आणि ३५०० मेगाहर्ट्झवर वेग जास्त मिळतो, पण अंतर कमी. ५जीचा जो भन्नाट वेग सांगितला जातो तो बहुतेक ३५०० च्या पट्टीवरचा, म्हणून टॉवर नजरेच्या टप्प्यात असलेल्या घरालाच तो मिळतो.

आपल्याकडची घरं या बाबतीत फार वेगवेगळी वागतात. धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती उन्हाळ्यात घर थंड ठेवतात आणि तितक्याच चोखपणे लहरीही अडवतात. पत्र्याचं छत तर धातूचंच. वरून येणारा सिग्नल ते परत फिरवतं. स्लॅबच्या घरात लोखंडी सळया असतात, तरी खिडक्यांतून बऱ्यापैकी आत येतो. म्हणूनच जुन्या वाड्यात आतल्या खोलीत फोन मुका होतो आणि ओट्यावर आला की एकदम चार संदेश येऊन पडतात.

झाडांचं काय? पानांतल्या पाण्यात लहरी शोषल्या जातात आणि वारंवारता जितकी जास्त तितकं हे नुकसान वाढतं. रावेर, यावल, चोपड्याकडच्या दाट केळीच्या बागेत मधोमध उभं राहून मोजा, आणि मग बांधावर येऊन मोजा, फरक दिसेल. उन्हाळ्यात पानगळ झालेल्या झाडाआडून चाललेली डिशची जोडणी पावसाळ्यात पालवी फुटल्यावर अडखळू लागते, तेही याच कारणाने. पावसाच्या थेंबांना उगीच दोष दिला जातो.

सातपुड्यात गणित आणखी वेगळं. तोरणमाळ, धडगाव, मोलगी या बाजूला डोंगरच आडवा येतो आणि डोंगरातून कुठलीच पट्टी जात नाही. एका पाड्यावर पूर्ण रेंज आणि पलीकडच्या उतारावर शून्य, ही तिथली रोजची परिस्थिती. अशा भागात राहत असाल तर बीएसएनएलचं सिम तपासल्याशिवाय निर्णय घेऊ नका. नेटवर्क नसलेल्या २४,६८० गावांत ४जी पोचवण्याची योजना केंद्राने जुलै २०२२ मध्ये मंजूर केली आणि ते काम बीएसएनएलकडे दिलं. बीएसएनएलच्या देशी बनावटीच्या ४जीचं उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी झालं. त्यात ७०० मेगाहर्ट्झची पट्टी वापरली जाते, आणि जुन्या फोनमध्ये ती नसू शकते. फोनच्या माहितीत ‘बँड २८’ (हे त्याच पट्टीचं नाव) लिहिलंय का ते पाहा, आणि जुनं सिम असेल तर ते ४जीचं करून घ्या.

सीमेवरच्या गावांसाठी एक खास सूचना. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. टॉवरची हद्दही तशीच मिसळलेली असते. अक्कलकुवा-तळोद्याकडे फोन गुजरातचा टॉवर पकडतो, रावेर-शिरपूरच्या उत्तरेला मध्य प्रदेशचा. अशा वेळी फोनमध्ये ‘डेटा रोमिंग’ बंद असेल तर पूर्ण रेंज दिसूनही इंटरनेट चालत नाही. ते चालू ठेवा. देशातल्या देशात रोमिंगचे वेगळे पैसे हल्लीच्या बहुतेक प्लॅनमध्ये लागत नाहीत.

सिग्नल कमी म्हणून बाजारात मिळणारा ‘मोबाईल बूस्टर’ मात्र आणू नका. परवान्याशिवाय तो बसवणं बेकायदा आहे. शिवाय तो आजूबाजूच्या टॉवरवर गोंगाट पसरवतो आणि अख्ख्या गल्लीचे कॉल बिघडवतो.

दुसरं काम: मार्ग निवडा

दारात फायबर आला असेल तर दुसरा विचार करू नका. हे मी ठामपणे सांगतो, कारण बिनतारी टप्पा राउटरपासून पलंगापर्यंतच उरतो आणि मघाशी सांगितलेल्या अडचणींतल्या बहुतेक आपोआप गळून पडतात. खेड्यात असाल तर आधी ग्रामपंचायतीत चौकशी करा. भारतनेट योजनेत बऱ्याच ग्रामपंचायतींपर्यंत फायबर टाकण्याचं काम झालं आहे. तुमच्या पंचायतीची लाइन चालू आहे का आणि तिथून घरगुती जोडणी देणारा कुणी आहे का, हे तिथेच कळतं.

फायबर नाही पण ५जीचा टॉवर जवळ आहे, तर एअरफायबरचा विचार करा. २०२३ मध्ये एअरटेल आणि जिओ दोघांनीही ही सेवा सुरू केली. गच्चीवर टॉवरकडे तोंड करून एक डबा बसवतात, तो ५जी पकडतो आणि घरातल्या राउटरला तारेने देतो. घराबाहेर, उंचावर अँटेना असल्यामुळे मोबाईलच्या हॉटस्पॉटपेक्षा ही जोडणी कितीतरी स्थिर असते. बसवणारा माणूस घरी असतानाच त्याच्याकडून डब्याचा सिग्नल पाहून घ्या आणि रात्रीचा वेग पाहूनच लांब मुदतीचे पैसे भरा.

तिसरा मार्ग गावातल्या नेटवाल्याचा. त्याच्या मनोऱ्यावर एक डिश, तुमच्या गच्चीवर एक. ही जोडणी बहुतेक ५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्टीवर चालते, जिचा मोठा भाग सरकारने २०१८ मध्ये परवानामुक्त केला. दोन्ही डिशना एकमेकी दिसायला हव्यात, आणि नुसती रेषा मोकळी असून भागत नाही. तीन किलोमीटरच्या जोडणीत मध्यावर त्या रेषेभोवती सुमारे सहा मीटरपर्यंतचा पट्टा महत्त्वाचा असतो; त्यातला निम्म्याहून जास्त भाग रिकामा हवा. मधे कुणाचं घर वाढतंय का, निंबाचं झाड उंच होतंय का, हे जोडणी घेतानाच पाहा. गावातल्या माणसाकडून घेतल्याचा फायदा म्हणजे बिघडलं की तो संध्याकाळपर्यंत येतो. तोटा असा की त्याच्या मागची लाइन किती मोठी आहे यावर सगळं अवलंबून असतं. त्याच्या दोन-तीन जुन्या ग्राहकांना रात्रीचा अनुभव विचारा.

एकट्या विद्यार्थ्याला किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला यातलं काहीही नको. फोनचा हॉटस्पॉट पुरतो. फोन खिडकीत ठेवा, चार्जिंगला लावून उशीखाली ठेवू नका, कारण तापलेला फोन स्वतःच वेग कमी करतो आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना तो लवकर तापतो.

राहिला उपग्रह. जुन्या पद्धतीचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो. प्रश्न वर जाऊन खाली यायला आणि उत्तर तसंच परत यायला लहरींना जवळपास अर्धा सेकंद लागतो, म्हणून बोलताना समोरच्याचं उत्तर उशिरा येतं. स्टारलिंक या कंपनीचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर आहेत, त्यामुळे तिथे हा उशीर फारसा जाणवत नाही. कंपनीला भारतात परवाना जून २०२५ मध्ये मिळाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने तिच्याबरोबर इरादापत्र केलं. त्यात ज्या दुर्गम जिल्ह्यांची नावं आली त्यांत नंदुरबार आहे. धडगावसारख्या भागातल्या शाळा आणि आरोग्य केंद्रांसाठी मला यातून खरी आशा वाटते, कारण डोंगर उपग्रहाला आडवा येत नाही. पण घरगुती जोडणीसाठी कुणी आगाऊ पैसे मागत असेल तर कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर खात्री केल्याशिवाय देऊ नका.

फसवणुकीचा विषय निघालाच आहे तर, ‘तुमच्या शेतात टॉवर बसवतो, महिन्याला भाडं मिळेल, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असा फोन आला की तो ठेवून द्या. टॉवर बसवणारी कंपनी शेतकऱ्याकडून पैसे घेत नाही आणि ट्राय असं कुठलंही पत्र देत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवा.

प्रवासातल्यांसाठी सार्वजनिक वाय-फायही आहे. भुसावळ, जळगावसारख्या स्टेशनांवर रेल्वेच्या रेलटेल कंपनीचं वाय-फाय मोबाईल क्रमांकावर आलेला ओटीपी टाकून मिळतं, दिवसातली पहिली ३० मिनिटं मोफत. पीएम-वाणी योजना डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाली. तिच्यात किराणा दुकानदार किंवा चहावाला परवान्याशिवाय वाय-फाय विकू शकतो. बसस्थानकाजवळ दुकान असेल तर याची चौकशी जरूर करा. अशा उघड्या वाय-फायवर बँकेची कामं मात्र टाळावीत, त्यासाठी आपला मोबाईल डेटा वापरावा.

पैशांचा प्रश्न आता विचारा. जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ५९९ चा प्लॅन हातात पडतो तो ७०७ रुपयांना. बसवण्याचा खर्च, राउटरची अनामत, महिन्याची जीबीची मर्यादा आणि मर्यादा संपल्यावरचा वेग, हे चारही लिहून घ्या. जोडणी स्वतःच्या नावावर आणि पावतीसह घ्या.

तिसरं काम: राउटरला योग्य जागा द्या

फायबरवाला दारातून शिरल्या शिरल्या पहिल्या कोपऱ्यात राउटर ठोकून जातो, कारण त्याला तार कमी लागते. त्याला थांबवा. राउटर घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर, उघडा हवा. लोखंडी कपाटाच्या वर, टीव्हीच्या मागे, फ्रिजच्या शेजारी नको. पत्र्याखाली तर मुळीच नको. उन्हाळ्यात दुपारी तिथे तो तापून बंद पडतो.

राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झ दूर जातो, जाड भिंत बऱ्यापैकी भेदतो, पण त्यावर गर्दी फार: शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन सगळे तिथेच. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आणि मोकळा, पण दोन भिंतींत दमतो. एकाच खोलीत बसून टीव्ही पाहायला ५, आतल्या खोलीला आणि गच्चीला २.४. दाट वस्तीत २.४ चं चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी जे रिकामं असेल ते ठेवा. हीच तीन एकमेकांवर चढत नाहीत.

लांबलचक वाड्यात एक राउटर पुरत नाही. तिथे तार ओढून दुसऱ्या टोकाला दुसरा राउटर बसवणं सगळ्यांत उत्तम. बिनतारी रिपीटर स्वस्त पडतो, पण अनेक रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतात आणि बोलतात, त्यामुळे वेग निम्मा होतो.

वीज गेल्यावर नेट जातं ही तक्रार खेड्यात सगळ्यांत मोठी आहे आणि तिचा उपाय सोपा आहे. राउटर बहुतेक १२ व्होल्ट आणि एक-दीड अँपिअरवर चालतो, म्हणजे लहान दिव्याएवढी वीज. राउटरसाठीचा मिनी यूपीएस मिळतो. अ‍ॅडॉप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या, म्हणजे भारनियमनाचे दोन-तीन तास सहज निघतात. गच्चीवरच्या डिशला वीज वेगळ्या डब्यातून, बऱ्याचदा २४ किंवा ४८ व्होल्टने जाते. तिला १२ व्होल्टचा यूपीएस चालत नाही. पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की गच्चीवरून येणारी तार राउटरमधून काढून ठेवा आणि डिशच्या खांबाला अर्थिंग करून घ्या.

पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, दोन्ही: वाय-फायचा आणि राउटरच्या आतल्या सेटिंगचा. मोबाईल क्रमांक, मुलाचं नाव, गावाचं नाव नको. बारा अक्षरांपेक्षा लांब एखादं लक्षात राहणारं वाक्य घ्या. राउटरच्या सेटिंगमध्ये सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा आणि डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद करा. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क उघडा. गल्लीभर पासवर्ड वाटू नका: त्या जोडणीवरून कुणी काही गैर केलं तर पोलिसांच्या हाती पहिलं नाव तुमचं लागतं.

शेतात आणि विहिरीवर

खानदेशात बिनतारी तंत्राचा सगळ्यांत मोलाचा उपयोग मला विहिरीवर दिसतो. थ्री फेज वीज रात्री येते, आणि तेव्हा अंधारात विंचू-सापाच्या वाटेने मोटार चालू करायला जावं लागतं. मोबाईल स्टार्टरने ते थांबतं. स्टार्टरमध्ये सिम असतं, घरून कॉल किंवा एसएमएस केला की मोटार चालू. घेताना एक गोष्ट नक्की तपासा: अनेक स्वस्त स्टार्टर फक्त २जीवर चालतात आणि जिओचं २जी नाही, त्यामुळे त्यात जिओचं सिम चालत नाही. एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएल यांतलं ज्याचं २जी विहिरीवर चांगलं येतं ते घाला, किंवा ४जी स्टार्टर घ्या. या सिमला डेटा लागत नाही; फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवण्याचं बंधन ट्रायने डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीने कंपन्यांवर घातलं आहे, तेच पॅक टाका. मुदत संपण्याची तारीख भिंतीवर लिहून ठेवा, कारण मध्यरात्री मोटार चालू झाली नाही तर कारण बहुतेक तेच निघतं.

घर आणि मळा यांत दोन-तीनशे मीटर अंतर असेल आणि मधे आडोसा नसेल, तर घरचं इंटरनेट दोन छोट्या बाहेरच्या डिशने मळ्यात नेता येतं. मग तिथे कॅमेराही चालतो आणि वेगळ्या सिमचा खर्च वाचतो.

ई-पीक पाहणीचा फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो. फोनचं जीपीएस इंटरनेटशिवायही जागा ओळखतं, फक्त उघड्या आकाशाखाली उभं राहून एक-दोन मिनिटं द्यावी लागतात. केळीच्या आत उभं राहून घाई केली की जागा चुकते. शेतात रेंज नसेल तर अ‍ॅप घरीच उघडून, अद्ययावत करून, लॉगिन करूनच निघा. हवामानासाठी मेघदूत आणि विजेच्या इशाऱ्यासाठी दामिनी ही दोन्ही सरकारी अ‍ॅप फोनमध्ये ठेवा. पावसाळी दुपारी कपाशीत काम करताना दामिनीचा इशारा वेळेवर यायला थोडासा २जी-४जी सिग्नलही पुरतो.

रोजच्या कामाला किती लागतं

यूपीआयने पैसे पाठवायला अगदी नगण्य डेटा लागतो. तिथे वेगापेक्षा जोडणी मधेच तुटत नाही हे महत्त्वाचं. ‘पेंडिंग’ दाखवलं तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका, आधी खातं तपासा. इंटरनेट नसेल तर *९९# या क्रमांकावरून साध्या फोनवरही बँकेचं काम होतं, मात्र तुमच्या सिमवर ते चालतं का हे गरज पडण्याआधी एकदा पाहून ठेवा.

व्हिडिओच सगळा डेटा खातो. ४ एमबीपीएसने तासभर व्हिडिओ चालला तर १.८ जीबी गेले, म्हणजे दिवसाच्या दीड जीबीच्या प्लॅनच्या वर. मुलांचे ऑनलाइन वर्ग असतील तर व्हिडिओचा दर्जा ४८०पीवर ठेवा. फळ्यावरची अक्षरं त्यातही वाचता येतात.

घरात वाय-फाय आहे पण मोबाईलची रेंज नाही, अशा घरांनी फोनमध्ये ‘वाय-फाय कॉलिंग’ चालू करावं. मग साधा कॉल आणि बऱ्याचदा ओटीपीही वाय-फायवरून येतो. धाब्याच्या घरात राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यातून, बँकेतून आलेला कॉल चुकत नाही. या एका सेटिंगने जेवढी सोय होते तेवढी महागड्या प्लॅननेही होत नाही.

बंद पडलं तर

क्रम ठरवून तपासा. दुसऱ्या फोनवर चालतं का ते पाहा; चालत असेल तर दोष पहिल्या फोनमध्ये. कुठल्याच फोनवर चालत नसेल तर राउटरवरचे दिवे पाहा. फायबरच्या राउटरवर ‘LOS’ (लॉस) लिहिलेला लाल दिवा लागला म्हणजे बाहेरची तार तुटली किंवा सुटली, मग राउटर दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नाही. लाल दिवा नसेल तर राउटर एकदा बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा. राउटरजवळ उभं राहिल्यावर वेग चांगला आणि खोलीत वाईट, तर अडचण वाय-फायची. राउटरजवळही वाईट, तर लाइनची.

कंपनीकडे तक्रार केली की तक्रार क्रमांक मागून घ्या. तो मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका. ठरल्या मुदतीत काम झालं नाही तर तोच क्रमांक देऊन कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते, आणि त्याचे पैसे लागत नाहीत. मोबाईलच्या बाबतीत वहीतले आकडे पुन्हा काढा. घरात दुसऱ्या कंपनीचा सिग्नल दहाने चांगला असेल तर नंबर तोच ठेवून कंपनी बदला: PORT हा शब्द इंग्रजीत लिहून एक जागा सोडा, पुढे आपला दहा आकडी नंबर टाका आणि १९०० वर एसएमएस करा. उलट एक कोड येतो, तो घेऊन आधार कार्डासह नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. नवं सिम चालू होईपर्यंत जुनं काढू नका, आणि बँकेचं काही महत्त्वाचं काम त्या एक-दोन दिवसांत ठेवू नका.